ओलं फडकं

मंगळवार, ३ सप्टेंबर

भिंगरी,

मी आजी आहे हे मला पोस्टाने कळलं. तेही सात वर्षं उशिरा, आणि तेही कंसात. तुझ्या पत्रात सगळं अंड्यांबद्दल आणि पानांबद्दल, आणि मध्येच एक कंस: (माझी मुलगी सात वर्षांची आहे, मोजायला तीही मदत करते). मी तो कंस वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग उठले आणि सगळं स्वयंपाकघर ओल्या फडक्याने पुसून काढलं, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. डब्यांची बुडंसुद्धा सोडली नाहीत. तुझी वहिनी म्हणाली, "आई, काय झालं, पाहुणे येतायत का?" म्हटलं, नाही गं, पाहुणी येऊन सात वर्षं झाली, मलाच पत्ता नव्हता.

वहिनी तू पाहिलेली नाहीस. दादाने तू गेल्यावर तीन वर्षांनी लग्न केलं. बोलायला तिखट आहे, मनाने बरी आहे.

तू लिहिलंयस, "पत्रात फक्त पानांवर काय दिसतं तेवढं लिही, बाकी काही नको." अकरा वर्षांनी पत्र, आणि वर ही अट. असू दे. पण मी तिसरी शिकलेली बाई, जोडाक्षरं तूच मला शिकवलीस, बियांच्या पाकिटांवरची. मला नेमकं तेवढं लिहिता येत नाही. बोलते तसं लिहिते. जिथे पान नसेल तिथली ओळ तू सोडून पुढे जा.

काम मला समजलं का ते सांगते, चुकलं तर कळव. ती काळी, मागच्या पंखांना शेपट्या आणि तांबडे ठिपके असलेली फुलपाखराची जात, तिची एक आई धरायची. ती स्वतः विषारी नाही, पण विषारी जातीचा पोशाख घालून फिरते म्हणजे पाखरं तिला खात नाहीत. तिला लिंबाच्या रोपासकट जाळीत ठेवायची, कापसावर साखरेचं पाणी द्यायचं. तिने अंडी घातली की तिला सोडून द्यायचं आणि पिल्लं सगळी वाढवायची. कोश झाले की उघडायच्या आत कापसात गुंडाळून तुला पार्सल. एकाच आईच्या मुली किती तिच्या पोशाखात निघतात आणि किती नरासारख्या साध्या, ते तुला मोजायचंय. आणि आई हवी ती मागच्या दाराच्या जुन्या लिंबावरचीच, कारण अकरा वर्षांपूर्वीचं काम त्याच झाडाचं होतं आणि ते अर्धं राहिलंय.

का अर्धं राहिलं ते तू लिहिलं नाहीस. मीही लिहीत नाही.

शेवटी तू लिहिलंयस, "दादाला यातलं काही कळू देऊ नकोस. त्याने एकदा केलं तेवढं पुरे." ते वाक्य मी एकदाच वाचलं.

पण दादाला चोरून कसं करायचं हा घोळच आहे. त्याची रोपवाटिका आता मोठी झालीय. मागचं सगळं आवार शेडनेटखाली, पिशव्यांतून लिंबाची कलमं ओळीने उभी. या महिन्यात सगळा माल बाहेरच्या देशात जायचा आहे. वीस तारखेला सरकारी तपासनीस येणार. आवारात एक जरी अळी सापडली तरी सगळा माल परत. दोन वर्षं वाढवलेली रोपं ती. म्हणून दादा येत्या शुक्रवारी सगळीकडे औषध मारणार आहे. तुला जे जगवायचंय तेच त्याला मारायचंय, आणि दोघं माझीच.

धरते मी आई. तू काळजी करू नकोस.

आईचा आशीर्वाद. नातीला वेगळा, मोठा.

सोमवार, ९ सप्टेंबर

भिंगरी,

सापडली.

आधी शुक्रवारचं सांगते. मला धास्ती होती की औषध उडून जुन्या लिंबावर बसेल आणि तिथला पाला विषारी होईल, मग पिल्लांना घालू काय? सकाळी खिडकीतून बघते तर दादा पंप पाठीला लावायच्या आधी शिडीवर चढून जुन्या लिंबावर ताडपत्री बांधतोय. अख्खं झाड झाकलं, चारी बाजूंनी दोऱ्या ओढल्या. मी विचारलं, "हे कशाला रे?" तो म्हणाला, "तू तिथे कपडे वाळत घालतेस." अकरा वर्षं मी तिथे कपडे वाळत घालते आणि अकरा वर्षं तो औषध मारतो. ताडपत्री मी आजपर्यंत कधी पाहिली नव्हती. या ओळी तू सोडून दे, यात पान नाही. तसं म्हटलं तर आहे.

शनिवारी ताडपत्री काढली आणि उन्हं चढल्यावर ती आली. भिंगरी, तुला आता काय सांगायचं, पण मी अशी बघितलीच नव्हती कधी. एवढी वर्षं नुसती डोळ्यांपुढून गेली. ती बसत नाही. पंख हलवत पानावर टेकते, पुढच्या पायांनी टकटक करते, नको म्हणते, पुढच्या पानावर. तू लिहिलंयस ती पायांनी चव घेते. बाजारात भाजी दाबून दाबून बघणाऱ्या बायका मला आठवल्या, मीही त्यातलीच. कोवळं पान आवडलं की पोट वाकवून एक अंडं, एकच, आणि निघाली. सगळी अंडी एका पानावर ठेवत नाही. शहाणी आहे.

खरी विषारी नाही ना, तेही बघितलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे खरीचं अंग तांबडं असतं. हिचं काळं. पंख उसने, अंग स्वतःचं.

मी माझी मच्छरदाणी आणली. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "आई, मच्छरदाणीत तुम्ही झोपायचं असतं, लिंबाने नाही." मग तीच दुसरं टोक धरायला आली. तिला मी सांगितलं, तिच्यापासून लपवून चालणार नव्हतं. ती म्हणाली, "यांना मी सांगणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही." बरोबर आहे तिचं. काही माणसांना ते जमतं.

आता माझ्या खोलीत खिडकीपाशी कुंडी आणि वर मच्छरदाणी. दोन दिवसांत त्रेचाळीस अंडी. पिवळसर, टाचणीच्या डोक्याएवढी, गोल. आज सकाळी तिला जुन्या लिंबावर सोडून आले. मी उघड्या गादीवर झोपते आणि डासांना जेवायला घालते.

माझ्या नातीला विचार, त्रेचाळीस बरोबर मोजली का आजीने. मी बोटांवर मोजते, चार वेळा मोजली.

सोमवार, १६ सप्टेंबर

भिंगरी,

एकोणचाळीस निघाली. चार अंडी काळी पडली. पिल्लू बाहेर आलं की पहिलं आपलंच टरफल खातं, तेही मी बघितलं.

आता दिसायला ती अगदी पाखराची शीट. तपकिरी, पाठीवर मध्येच पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. पानाच्या मधोमध उघड्यावर पडून असतात, हलत नाहीत. कोणीही फसेल. चांगली धडधाकट नजर असलेलं माणूसही फसेल. घाण म्हणून पुसून टाकेल.

तू हे सोडून देऊ नकोस, हे पानावरचंच आहे.

आज दादाला कळलं. गांधीलमाशीसारखी एक बारीक माशी मच्छरदाणीभोवती घिरट्या घालत होती. ती पिल्लांच्या अंगात अंडी घालते आणि पिल्लू आतून खाल्लं जातं, हे तू लहानपणी मला सांगायचीस आणि मी म्हणायचे जेवताना नको. मी तिला हाकलायला उशी फेकली, पाण्याचा तांब्या पडला, आणि दादा धावत आत आला. त्याला वाटलं मी पडले.

तो मच्छरदाणीकडे बघत राहिला. मग वाकून आत बघितलं. तो रोपवाला माणूस, त्याला शीट आणि अळी यातला फरक दहा पावलांवरून कळतो.

"किती आहेत?"

"एकोणचाळीस."

"तिचं पत्र आलं?"

मी पडलेला तांब्या उचलला.

"आई, वीस तारखेला तो माणूस येतोय. ही एक जरी बाहेर गेली तरी माझी दोन वर्षं गेली. कळतं ना तुला?"

"कळतं."

"माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "काही नाही." बघ, किती पटकन आलं तोंडात.

तो हसला. म्हणाला, "काही नाही म्हणजे तेच असणार." मग बाहेर गेला. मला वाटलं पंप आणायला गेला. मी कुंडीसमोर हात पसरून उभी राहिले, एवढीशी मी. तो परत आला तो शेडनेटचा मोठा तुकडा आणि खिळे घेऊन. खिडकीला दुहेरी जाळी ठोकली. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. मच्छरदाणीचं टोक माझ्या गादीखाली दाबत म्हणाला, "माशी आत यायला नको आणि ही बाहेर जायला नको." आणि जाताना, "तिला लिहू नकोस मी आलो होतो म्हणून. काढून टाकायला सांगेल."

मी लिहिलं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

भिंगरी,

आजचा दिवस संपला एकदाचा.

तपासनीस सकाळीच आला. तरुण, उंच, हातात भिंग आणि पाटीला लावलेले कागद. एकेक ओळ बघत फिरला. पानं उलटी करायचा, खालून बघायचा. दादा त्याच्या मागे हात मागे बांधून. दुपारपर्यंत एकही अळी नाही. मग तो हात धुवायला घरात आला आणि मला म्हणाला, "आजी, जरा साबण देता?"

आजी म्हणाला. एरवी कोणी म्हटलं की मला राग यायचा. आज हक्काने ओ दिली.

तो माझ्या दारासमोर थांबला आणि नाक वर करून म्हणाला, "हा कसला वास?"

वास येत होता. सकाळी पाला बदलताना मी पिल्लांना दचकवलं होतं. ती घाबरली की मानेतून दोन नाजूक शिंगं काढतात आणि एक आंबूस, झणझणीत वास सोडतात, लिंबाची साल आणि खवट लोणी एकत्र केल्यासारखा. एकोणचाळीस जणांनी सोडला तर खोली भरते.

मी म्हटलं, "म्हातारपणाचा वास आहे, बाबा. तुला कळायला वेळ आहे."

तो हसला. पण कागदाकडे बघून म्हणाला, "आवारातलं लिंबाचं प्रत्येक रोप मला बघावं लागतं. घरातल्या कुंडीतलंसुद्धा. आत काही आहे?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी दादाकडे. मी मनात म्हणत होते, नाही म्हण. एक शब्द, नाही. दोन वर्षांची रोपं आहेत तुझी.

दादा म्हणाला, "आहे. आत माझ्या बहिणीचं काम आहे. एक कुंडी, एकोणचाळीस अळ्या. दुहेरी जाळी आहे. बघा."

आणि दार उघडलं.

तपासनीस आत किती वेळ होता ते मला सांगता येत नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. वहिनीने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, म्हणाली, "तीच फरशी पुसताय तुम्ही मघापासून."

बाहेर येऊन तो म्हणाला, "नियमाने मी आत्ताच माल थांबवायला हवा." त्याने भिंग खिशात ठेवलं. "पण अळ्या लपवणारे मी रोज बघतो. दाखवणारा पहिलाच." त्याने खोलीला बाहेरून मोहोर लावायचं म्हटलं, मग त्याला कळलं की आत मी राहते. शेवटी असं ठरलं की दोन आठवडे गाडी सुटायची नाही. चार तारखेला तो परत येईल, सगळी रोपं पुन्हा तपासेल, तोवर खोलीतलं एकही फुलपाखरू बाहेर दिसता कामा नये. दिसलं तर माल गेला.

तो गेल्यावर मी दादाला म्हटलं, "खोटं का बोलला नाहीस रे? एक शब्दाचं काम होतं."

तो पंपाची नळी गुंडाळत होता. म्हणाला, "एकदा बोललो ना. पुरे तेवढं."

शनिवार, २१ सप्टेंबर

भिंगरी,

आज पानांबद्दल नाही. तरी एकही ओळ सोडू नकोस.

दादाने औषध मारलं नव्हतं.

ते मी केलं. तुझ्या बाई त्या दिवशी तुझं काम बघायला येणार होत्या. पडवीत तुझ्या साठ कुंड्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. तू आंघोळीला गेली होतीस. मी बघितलं तर सगळ्या पानांवर पाखरांची घाण. म्हटलं, एवढी शिकलेली बाई येणार आणि आमच्याकडे ही अशी पानं. मी बादली घेतली, फडकं घेतलं आणि एकेक पान पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. तू किती वेळा सांगितलं होतंस की लहानपणी ती शिटेसारखी दिसतात. मला वाटायचं तू मोठ्या हिरव्यांबद्दल बोलतेस.

तू बाहेर आलीस तेव्हा दादा नुकताच रोपांकडून आला होता, पंप पाठीवर. तू रिकामी पानं बघितलीस, मग पंप बघितलास. म्हणालीस, "तूच." त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात फडकं होतं, ओलं. तो म्हणाला, "हो, मारलं औषध. किडेच होते ते."

तासाभरात तू बॅग भरलीस.

मी रोज म्हणायचे उद्या सांगू. तो म्हणायचा, "राहू दे, आई. तिला एकावर रागवायचंच आहे तर माझ्यावर रागवू दे. तुला सोडून ती कुठे जाईल." पण तू त्याला सोडलंस आणि त्याच्याबरोबर घरही.

कोश व्हायला अजून आठवडा आहे. ते तुझ्या हातात पडेपर्यंत मी थांबणार होते. म्हटलं, तू आधी खूश हो, मग सांगू. काल त्याने दार उघडलं आणि मला ते जमेना. तुला आता माझ्या हातचे कोश नको असतील तर तसं लिही.

सोमवार, २३ सप्टेंबर

भिंगरी,

परवाचं पत्र वहिनीने टाकलं आणि मला वाटलं होतं की आता झोप लागेल. लागली नाही. कारण परवाचं पत्र खोटं आहे. सगळं नाही. जे खोटं आहे तेवढंच महत्त्वाचं आहे.

आज पिल्लांनी कात टाकली. शिटेचं रूप गेलं, हिरवीगार झाली, खांद्यावर तपकिरी पट्टा. आता ती कोणाला घाण वाटणार नाहीत. पाला बदलताना एकाने मान उचलली, शिंगं काढली, आणि तो वास माझ्या बोटांना लागला. साबणाने धुतली तरी जात नाही. तेव्हाही गेला नव्हता, तीन दिवस.

तेव्हाही म्हणजे त्या दिवशी.

पहिली कुंडी मी घाण समजून पुसली. हे खरं आहे, शपथेवर सांगते. दुसऱ्या कुंडीला, दोन-चार पानं झाली असतील, मी फडकं लावलं आणि त्या घाणीने मान उचलली. दोऱ्याएवढी दोन शिंगं काढली. वास आला.

तू बारा वर्षांची असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला दाखवलं होतंस. काडीने हळूच टोचून. "आई, बघ, घाबरलं की शिंगं काढतं, बिचारं." मला सगळं आठवलं. मला कळलं ते काय आहे. पुढे अठ्ठावन्न कुंड्या होत्या.

मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. आत तुझ्या आंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता आणि तू गुणगुणत होतीस. बाई खूश झाल्या तर तुला तीन वर्षं घेऊन जाणार होत्या, इतक्या लांब की मला त्या शहराचं नावही नीट म्हणता येत नव्हतं. मला वाटलं, पानांवर काही नसेल तर त्या रिकाम्या हाताने परत जातील. आणि तू राहशील.

मी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि तिसऱ्या कुंडीकडे गेले.

हे दादालाही माहीत नाही. त्याला वाटतं त्याने आईची चूक झाकली. आज दुपारी शेडनेटमध्ये जाऊन त्यालाही सांगितलं. तो कलम बांधत होता, रोपाच्या सालीत डोळा बसवत होता. त्याने पट्टी पूर्ण गुंडाळली, गाठ मारली, सुरी पुसून खिशात ठेवली. म्हणाला, "अकरा वर्षं, आई." एवढंच. जेवायला आला नाही.

आता माझ्याकडे सांगायचं काही उरलं नाही. पिल्लं अडतीस आहेत. एकाला माशीने गाठलं.

सोमवार, ३० सप्टेंबर

भिंगरी,

अडतीसपैकी एकतीस कोश झाले. सात पिल्लं हिरवी असतानाच मऊ पडून मेली, मी त्यांना कागदावर ठेवलंय, फेकलं नाही. पिल्लू काठीला शेपूट चिकटवतं, पाठीमागून कमरेला एक दोरा घेतं, विजेच्या खांबावरचा माणूस पट्टा लावतो ना तसं, आणि मागे रेलून बसतं. हिरव्या फांदीवरचे कोश हिरवे, वाळक्या काठीवरचे तपकिरी. बरेच तपकिरी झाले, कारण काठ्या वाळक्याच होत्या.

तुझं उत्तर नाही. पार्सल पाठवू की नको ते कळत नाही. तुझ्याकडे पोचायला चार दिवस लागतात आणि हे उघडायला आठ-दहा. दोन-तीन दिवसांत नाही पाठवले तर वाटेतच उघडतील आणि डब्यात पंख चुरगळून मरतील. पाठवले आणि तू डबाच उघडला नाहीस तरी तेच.

वहिनी म्हणाली, "पोस्टमनची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून बसू नका, मान आखडेल." मी तोंड फिरवलं, कान तिकडेच राहिले.

दादा सात दिवस माझ्याशी बोललेला नाही. पण रोज सकाळी माझ्या दाराबाहेर जुन्या लिंबाचा ताजा पाला ठेवलेला असायचा. आता पाला लागत नाही. आज सकाळी तिथे पाण्याचा फवारा ठेवलेला होता, कोश वाळू नयेत म्हणून. साध्या पाण्याचा. वर चिठ्ठी: "नवीन आहे, यात औषध कधीच भरलेलं नाही."

मी पाठवत नाही. इथेच उघडू दे. निदान मरणार नाहीत. मी मोजेन. मला जेवढं लिहिता येतं तेवढं लिहीन.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

भिंगरी,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. माझ्या खोलीत टेबलावर ठेवते. उद्या आलीस की वाच, नाहीतर नको वाचूस.

चार तारखेला तपासनीस येऊन गेला, रोपं स्वच्छ निघाली, त्याच संध्याकाळी गाडी भरली. जाताना त्याने माझ्या खिडकीच्या जाळीतून आत डोकावून विचारलं, "आजी, निघाली का?" म्हटलं, "घाई करू नकोस, बाळंतपण आहे."

सोमवारी तुझं पत्र आलं. पाकिटावर दादाचं नाव होतं. माझं नव्हतं. त्याने ते शेडनेटच्या पार टोकाला जाऊन वाचलं, आणि बराच वेळ तिकडेच राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते, वहिनीला म्हणाला औषधाने. त्या दिवशी औषध मारलेलं नव्हतं. मला पत्र दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. फक्त शेवटची ओळ वाचून दाखवली: "आईला सांग, मी शनिवारी येईपर्यंत त्या खोलीतलं काहीही पुसायचं नाही."

सोबत एक छोटा कागद होता, तो त्याने मला दिला. मोठी मोठी अक्षरं. "मामा, मी तुला पाहिलेलं नाही. स्टेशनवर तू कोणता शर्ट घालशील? आई म्हणते तुझे कान मोठे आहेत पण मला शर्ट सांग." आजीला म्हणून काही नाही. मी मागची बाजूही बघितली.

दादाने पत्रातल्या नंबरावर फोन करून सांगितलं, निळा. मग वहिनीला विचारलं, "माझ्याकडे निळा आहे ना?" नव्हता. आज आणला.

आता मोजणी. मंगळवारपासून उघडतायत, बहुतेक सकाळीच. कोश आधी काळपट होतो, आतले ठिपके बाहेरून दिसतात, मग तो फुटतो आणि ओल्या चिंधीसारखं काहीतरी बाहेर येऊन लोंबकळतं. पंख हळूहळू भरतात. आजपर्यंत चोवीस. बारा नर, बारा मुली. त्यातल्या सात आईच्या पोशाखात, पाच साध्या. वहीत दादाने लिहिलंय, मी सांगत गेले. तो शेजारी बसून लिहीत होता. मी म्हटलं, "सातवी, आईसारखी." तो लिहिता लिहिता म्हणाला, "नक्की बघ. तुझ्या नजरेचा भरवसा नाही." अठरा दिवसांनी माझ्याशी स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य ते. मी नक्की बघितलं.

सात कोश अजून बंद आहेत. दोन काळे पडलेत, ते बहुधा गेले. पाच जिवंत वाटतात, बोट लावलं की हलतात.

प्रत्येक जण बाहेर आला की पंख भरून झाल्यावर अंगातलं उरलेलं पाणी टाकतो, तांबूस. त्याचे डाग आहेत भिंतीवर, खिडकीच्या लाकडावर, माझ्या उशीवर, या टेबलावरही, कागदाच्या खालीच एक आहे. जमिनीवर रिकाम्या कोशांची टरफलं. पाल्याचे वाळके देठ. पिल्लांच्या काळ्या लेंड्या कोपऱ्यात साठल्यात. वहिनी दारातून बघून म्हणते, "आई, तुम्ही इथे राहूच कशा शकता?"

मी कशालाही हात लावलेला नाही. फडकं दाराच्या खिळ्याला आहे. कडकडीत वाळलंय.